इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्या आणि बागा: या चुका टाळा

सकाळी स्टोनहेंज, दुपारी बाथ आणि परतताना स्टौरहेडची हवेली आणि बाग. असा बेत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला दाखवतं, आणि मी त्यातलं स्टौरहेड खोडून टाकते. उरलेल्या तासाभरात ती बाग उरकायची असेल तर जाऊच नका.

मी स्वतः मामा-मामींना असंच फिरवलं होतं. पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, हवेलीतला शेवटचा प्रवेश संपला होता. मग घाईघाईत गावाकडून आत शिरलो आणि देवळात प्रदक्षिणा घालतो तसं तळं उजव्या हाताला ठेवून निघालो. मामींचे गुडघे बोलायला लागले. "तळं झालं, देऊळ झालं, चला आता," मामा म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाग मी त्यांना दाखवलीच नव्हती.

तिथे तळं डाव्या हाताला हवं. पेढीवाल्या हेन्री होअरने अठराव्या शतकात बांध घालून ते तयार केलं आणि भोवतालची वाट एकेक दृश्य उलगडत जाईल अशी आखली. फ्लोरा या फुलांच्या देवीच्या देवळापासून पुढे निघालं की पाण्यापलीकडे पँथिऑन हे घुमटाचं देऊळ दिसतं आणि झाडीत हरवतं. मग अंधारी गुहा, पाण्याचा आवाज, दगडांच्या खिडकीतून चमकणारं तळं. वर येऊन थोडं चाललं की तेच पँथिऑन एकदम जवळ उभं! उलटं फिरलात तर हे सगळं हातचं जातं.

पुढच्या वर्षी दोघांना परत नेलं. दिवसभर फक्त तीच बाग, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गुहेतल्या त्या खिडकीपाशी मामा इतका वेळ उभे राहिले की मामी पुढे जाऊन परत आल्या.

दुसरी चूक म्हणजे "फुलं कुठायत?" म्हणून हिरमुसणं. केपेबिलिटी ब्राऊन (1716–1783) या बागा आखणाऱ्याच्या बागांत ताटवे शोधू नका. गवताचे उतार, झाडांचे पुंजके आणि पाणी बघा. ब्लेनहाइमच्या हवेलीपाशी वास्तुकार व्हॅनब्रूचा अवाढव्य पूल आधी एका किरकोळ प्रवाहावर उभा होता. ब्राऊनने पाणी अडवलं, पुलाचा खालचा भाग बुडाला आणि पुलाला शोभेल असं तळं मिळालं. ते बघायला वीस मिनिटं एका जागी थांबावं लागतं. फुलंच हवी असतील तर केंटमधली सिसिंगहर्स्टची बाग गाठा.

हवेलीत जाताना टोकदार टाचांचे बूट घालू नका, जुन्या लाकडी जमिनीला खड्डे पडतात. पाठीवरची सॅक आत पुढे धरा. पडदे ओढलेले असतात ते कापड आणि चित्रं उन्हाने विटू नयेत म्हणून. डोळे सरावेपर्यंत थांबा. बागेची वेळ आणि हवेलीची वेळ वेगवेगळी असते, आदल्या रात्री दोन्ही बघा. रविवारी खेड्यातल्या बसच्या भरवशावर निघू नका. जुन्या हवेल्या आणि बागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या सभासदत्वावर चॅट्सवर्थ आणि ब्लेनहाइम या हवेल्या येत नाहीत.

आणि खोलीत उभ्या असलेल्या स्वयंसेवकांशी न बोलता पुढे सरकू नका. बर्कशरमधल्या बेसिल्डन पार्कला गेलात तर घरासाठी पैसा कुठून आला हे नक्की विचारा. फ्रान्सिस साइक्सने तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, बंगालमध्ये मिळवला होता. मी हा प्रश्न प्रत्येक हवेलीत विचारते.