शेतात राबणाऱ्या जुन्या मोटारींची छायाचित्रे कशी वाचावीत

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत टिपलेल्या छायाचित्रांत मोटार पुष्कळदा रस्त्यावर नसून गोठ्यापाशी किंवा लाकडांच्या ढिगाशेजारी उभी दिसते आणि तिचे एक मागचे चाक जमिनीला टेकलेले नसते. अशा चित्राखाली बहुधा ‘शेतकरी आणि त्याची मोटार’ एवढीच ओळ असते. चित्रात नेमके काय चालले आहे आणि ते साधारण केव्हाचे आहे, हे आपल्यालाच शोधून काढावे लागते. त्यासाठी शक्य तितकी मोठी प्रत मिळवावी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर १९३५ नंतर सरकारी छायाचित्रकारांनी ग्रामीण भागात काढलेल्या हजारो चित्रांच्या मोठ्या फाइली विनामूल्य मिळतात. छोट्या प्रतीत पट्टा आणि दोरी यांतला फरकही कळत नाही.

आधी मोटार ओळखावी. ती फोर्डची ‘मॉडेल टी’ असण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण १९०८ ते १९२७ या काळात त्या गाडीचे दीड कोटींहून अधिक नग तयार झाले आणि शेतकऱ्याला परवडणारी मोटार म्हणजे मुख्यतः तीच होती. रेडिएटरची चौकट चकाकती पितळी असेल तर गाडी १९१६ पर्यंतची आणि चौकट काळी असेल तर १९१७ च्या मॉडेलपासून पुढची समजावी. पुढचे दिवे कार्बाइडच्या वायूवर चालणारे असतील तर ती सामान्यतः १९१५ च्या आधीची असते. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे, ही माहिती सर्वत्र आवर्जून सांगितली जाते, पण कृष्णधवल चित्रात तिचा उपयोग शून्य. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीचे साल हे छायाचित्राचे साल नव्हे. शेतकामाला जुंपलेली मोटार बहुधा जुनी झालेली असते, त्यामुळे गाडीवरून चित्र ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच ठरते.

त्यानंतर नजर मागच्या चाकाकडे न्यावी, कारण चित्राचा खरा मजकूर तिथे असतो. एक मागचे चाक जॅकवर किंवा ठोकळ्यावर उचलले की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी रचनेमुळे) जमिनीवरचे चाक स्थिर राहते आणि उचललेले चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरते. त्यावर पट्टा चढवून गोल करवत, मक्याचे दाणे सोडवण्याचे यंत्र, दळण्याची चक्की किंवा पाण्याचा पंप चालवला जाई. उरलेल्या चाकांपुढे दगड किंवा लाकडे लावलेली दिसतात का ते पाहावे, कारण गाडी जॅकवरून सरकली तर कामाचा आणि माणसाचाही घात होई. पट्ट्याला मधे पीळ असेल तर तो चुकून पडलेला नसतो: आपल्याकडच्या जुन्या पिठाच्या गिरणीतल्या पीळ दिलेल्या पट्ट्याप्रमाणे तो फिरण्याची दिशा उलटवतो आणि पुलीला जास्त भागात कवटाळतो. चाकाचे आरे धूसर आणि करवतीचे दाते अदृश्य असतील तर यंत्र खरोखर चालू होते. सारे आरे स्वच्छ मोजता येत असतील तर बहुधा चित्रासाठी काम थांबवलेले असते. उभ्या गाडीत सुकाणूमागे कोणी बसलेले असेल तर तो केवळ छायाचित्रासाठी बसला आहे, असे लगेच धरू नये. मॉडेल टीला अॅक्सिलरेटरचे पायडल नव्हते, इंधन सुकाणूखालच्या उजव्या दांड्याने कमी-जास्त करावे लागे. त्यातच वेग आपोआप स्थिर ठेवणारी सोय नसल्यामुळे करवतीत ओंडका शिरताच मंदावणाऱ्या इंजिनाला कोणीतरी सांभाळावे लागे.

मागची रबरी चाके जाऊन त्यांच्या जागी मोठी, दातेरी पोलादी चाके आलेली दिसली, तर ती मोटारीचा ट्रॅक्टर करण्याची तयार जोडणी असते. मिनेसोटातल्या सेंट पॉल येथील ‘स्टॉड मेक-ए-ट्रॅक्टर’ आणि इलिनॉयमधल्या क्विन्सी येथील ‘पुलफर्ड’ ही त्यांतली जाहिरातींतून गाजलेली नावे. आसाच्या टोकांवर छोटी दातेरी चाके बसवून ती मोठ्या चाकांतल्या दात्यांना भिडवली जात, म्हणजे वेग घटून ओढ वाढे. १९१७ मध्ये फोर्डसन ट्रॅक्टर आला आणि १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली, तेव्हा अशा जोडण्यांची गरज साहजिकच घटली.

मोटारीला घोडे जुंपलेले असतील, तर बॉनेटखाली इंजिन आहे का हे तपासावे. चिखलात रुतलेली गाडी घोड्यांनी ओढून काढण्याचे प्रसंगही पुष्कळ टिपले गेले आहेत. पण इंजिन काढलेले असून पुढे नीट दांडी बसवलेली असेल, तर ती बहुधा मंदीच्या काळातली, पेट्रोल परवडेनासे झाल्यावर कॅनडात वापरात आलेली ‘बेनेट बग्गी’ असते. १९३० ते १९३५ या काळातले पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावाने लोकांनी उपरोधाने तिला हे नाव दिले. अमेरिकेत मोटारीचा मागचा आस आणि चाके वापरून केलेल्या, खेचराने ओढायच्या गाड्यांना राष्ट्राध्यक्ष हूवर यांचे नाव याच कारणाने चिकटले.

चित्र पोस्टकार्डावर छापलेले असेल तर मागची बाजूही पाहावी. तिकिटाच्या चौकोनात ‘अॅझो’ (AZO, छायाचित्राच्या कागदाचे नाव) ही अक्षरे असून चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील, तर तो कागद साधारणपणे १९०४ ते १९१८ मधला, आणि दोन वर व दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० मधला मानतात. काचेच्या निगेटिव्हवरून उलटी छापलेली चित्रेही आढळतात. अमेरिकेत बनलेल्या १९१२ ते १९२५ च्या उघड्या प्रवासी मॉडेल टीत डाव्या बाजूला, म्हणजे चालकापाशी, पुढचे दार उघडत नसे, पत्र्यावर दाराची नुसती आकृती उठवलेली असे. ती उजवीकडे दिसली तर चित्र आडवे उलटवून पुन्हा पाहावे.

नोंद करताना दिसलेले आणि ताडलेले वेगळे लिहावे: ‘काळ्या रेडिएटरची मॉडेल टी, उजवे मागचे चाक ठोकळ्यावर, पीळ दिलेला पट्टा चौकटीबाहेर गेलेला, यंत्र दिसत नाही, शेजारच्या भुशावरून करवत असावी, काळ १९१७ किंवा त्यानंतरचा.’