विंचू घरात येऊ नये म्हणून आधी जळण हलवा

खानापूर-निपाणीकडं वळीव पडला की बिळं भिजतात आणि विंचू कोरडी जागा शोधत घरात शिरतो. फवारणीवर पैसे घालण्याआधी जळण आणि शेणी भिंतीपासून हातभर लांब, फळीवर रचा. चिऱ्याच्या भिंतीतल्या फटी सिमेंटनं लिंपा. खरी वाट दाराखालची. तिथं गोणपाट कोंबू नका. ते ओलं झालं की विंचू त्याच्याच घडीत बसतो. रबरी पट्टी ठोका, न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी बसवा. झुरळं आवरा, तेच त्याचं खाणं. चप्पल झटकूनच पाय घाला.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च मिळाली तर घ्याच. अंधारात विंचू हिरवट-निळा चमकतो, वाशाच्या खाचेतला सुद्धा.

एवढं करूनही चावलाच, तर मंत्र-उतारा राहू दे. लाल विंचू आकारानं लहान, पण काळ्यापेक्षा घातक. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की तडक दवाखाना गाठा. पोराला चावला तर लक्षणांची वाटही बघू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषबाधेवर रूढ केलेली प्राझोसिन या औषधाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.