एक नऊवारी, दोन सहावारी: चौघडी शिवायची रीत

आमच्या घरात जुन्या साड्यांवर दोघांचा डोळा असतो. एक दारावर येणारी बोहारीण आणि दुसरा मी. तिच्याकडे स्टीलचं पातेलं असतं, माझ्याकडे नुसती सुई, त्यामुळे बरीच वर्षं तीच जिंकत आली. निवृत्त झाल्यापासून मात्र मी कपाटावर लक्ष ठेवून असतो.

नोकरीभर मी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या सीटा शिवल्या. रेक्झिन, काथ्या, फोम, दाभण यांत आयुष्य गेलं. हातात शिवण होती, पण गोधडीला कधी हात लावला नव्हता. ते बायकांचं काम, असंच डोक्यात होतं. आता पाच गोधड्या झाल्यात. त्यातली पहिली फसली. ती कशी फसली ते आधी सांगतो, कारण नवशिका हमखास तिथेच घसरतो.

जितके थर जास्त तितकी ऊब जास्त, असं समजून मी आठ थर घातले. त्यात दोन जीन्स उसवून पसरल्या आणि घरात पडून होती म्हणून एक सिंथेटिक साडीही कोंबली. ओळी टाकल्या वीतभर अंतरावर, कारण कंटाळा. शिवताना दोन सुया मोडल्या. दोन महिन्यांनी धुतली तेव्हा दोघांनी मिळूनही पिळता येईना. गॅलरीतली तार खिळ्यासकट खाली आली. वाळायला तीन दिवस लागले आणि तोवर कुबट वास धरला तो धरलाच. सिंथेटिक साडी आतल्या आत सरकून एका कोपऱ्यात गोळा झाली होती, उंदीर मेल्यासारखी. ही काही बोलली नाही, फक्त बोहारीण कधी येते ते शेजारी विचारून आली.

तेव्हापासून माझा हिशेब पक्का आहे. थर चारच (चार थरांची म्हणून ती चौघडी), सगळे सुती आणि धुऊन धुऊन मऊ पडलेले. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा, त्यासाठी जाड कापड लागत नाही. आणि गोधडी शिवायच्या आधी ती ओली झाल्यावर उचलणार कोण, हे मनात आणायचं.

कापड किती लागतं

दोन माणसांच्या चौघडीला एक नऊवारी आणि दोन सहावारी पुरतात. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे ८१ इंचांचे चार तुकडे करा. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच धरला, तर दोन तुकडे शेजारी शेजारी जोडून वरचं अंग होतं आणि उरलेल्या दोनांचं खालचं. मधल्या जोडावर येणारे काठ आधी फाडून काढायचे, कारण तिथे काठावर काठ आला की सुई अडते. बाहेरच्या बाजूचे काठ मात्र राहू द्या, त्यांचं काम पुढे आहे. काठ आणि शिवण वजा जाता गोधडी भरते सुमारे ८१ बाय ८५ इंच, म्हणजे पावणेसात फूट बाय सात फूट.

सहावारी २१६ इंचांची. तिचे ८१ इंचांचे दोन तुकडे निघतात आणि ५४ इंच उरतात. या दोन तुकड्यांचा एक थर, दुसऱ्या सहावारीचा दुसरा थर. आतल्या थरांचे दोन्हीकडचे काठ काढा. पन्ह्यात ते दोन-दोन बोटं कमी पडतील. पडू द्या, कड पातळ राहते. उरलेले ५४ इंचांचे दोन तुकडे एकावर एक ठेवून शिवले की बाळाचं दुपटं होतं. घरात बाळ नसेल तर ठिगळांच्या पिशवीत.

साड्यांची लांबी-पन्हा थोडाफार इकडेतिकडे असतो. टेप लावल्याशिवाय कात्री उचलू नका.

कापड जिवंत आहे का ते बघा

साडी खिडकीसमोर धरायची. जिथे उजेड जाळीतून आल्यासारखा दिसेल, तिथे कापड विरलंय. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून तिथे जरा ताणायचं. नुसतं ताणलं गेलं तर आतल्या थराला चालेल. चर्र झालं तर ते कापड मेलेलं आहे. ते गोधडीत घातलं तर वर्षभरात आत भुगा होतो. त्याची फरशी पुसायची फडकी करावीत.

बाहेरच्या अंगाला भोक असेल तर ठिगळ आत्ताच लावून घ्या, चारही थर एकत्र आल्यावर ते जमत नाही. ठिगळाचं कापड साडीइतकंच जुनं हवं. जुन्या कापडावर नवं करकरीत ठिगळ लावलं की ते भोवतालचं कापड ओढतं आणि भोक ठिगळाच्या कडेने पुन्हा चालू होतं. ठिगळाचे उभे-आडवे धागे साडीच्या धाग्यांशी जुळवून ठेवा, नाहीतर धुतल्यावर चुण्या पडतात.

खरी जर असलेला पदर घेऊ नका, टोचतो. लाल, हिरव्या, गडद निळ्या साड्या वेगळ्या भिजवून बघा. पाण्यात पांढऱ्या रुमालाचा तुकडा टाकून ठेवला की रंग सुटतो का ते कळतं. मी एकदा हे न करता शिवली. आतली लाल साडी पहिल्याच धुण्यात बाहेरच्या मोतिया रंगावर उतरली. हिच्या बहिणीला ती नक्षीच वाटली, मी दुरुस्ती केली नाही.

तुकडे करताना कात्रीने चिमूटभर छेद द्या आणि पुढे हाताने फाडा. साधं सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीने तितकं सरळ कापणं मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही.

अंथरायचं

फरशी आधी झाडून पुसून घ्या. एक केरकाडी आत राहिली तर ती जन्मभर बोटाला लागते. खालचं अंग उलटी बाजू वर करून पसरा, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आमच्याकडे पाटा, वरवंटा आणि दोन पाच-पाच किलोचे तेलाचे डबे लागतात. तेवढा वेळ स्वयंपाकघर बंद, हे आधी घरात सांगून ठेवावं. वर आतले दोन थर एकेक करून घाला आणि दर थराला तळहाताने मधून बाहेर हात फिरवा. जोडाची शिवण एकावर एक येऊ देऊ नका, चार बोटं इकडेतिकडे सरकवा. शेवटी वरचं अंग, सुलटी बाजू वर.

आता कच्चा टाका. हा टाळणारे टाळतात आणि मग गोधडीला पोट येतं. मधोमध एक उभी, एक आडवी अशी लांब टाक्यांची फुली घाला आणि तिथून बाहेर जात वीत-वीत अंतरावर ओळी. टाके तीन-चार इंचांचे चालतात, नंतर काढायचेच आहेत. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या म्हणजे काढताना डोळे फुटत नाहीत.

कच्चा टाका झाला की कडा. ज्या दोन बाजूंना नऊवारीचे काठ राखले होते, तिथे वरचा आणि खालचा काठ आत वळवून समोरासमोर आणायचे आणि बारीक टाक्यांनी जोडायचे. आतले थर दोन बोटं कमी ठेवले होते ते यासाठी. उरलेल्या दोन बाजूंना फाडून काढलेल्या काठांचाच गोट लावा. विकतच्या पट्टीपेक्षा तो जास्त टिकतो, कारण साडीत काठच सगळ्यात घट्ट विणलेला असतो.

धावदोरा

जाड सुती दोरा घ्यायचा, दोन पदरी. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही आणि कापडातून सुळकन जातो. सुई लांब, पण दाभण नको, दाभणाची भोकं बुजत नाहीत. मधल्या बोटात पत्र्याची टोपी घाला. मी सीटांच्या कामात कधी घातली नव्हती, गोधडीने घालायला लावली.

दोरा एका वेळी दोन मीटर तोडा, दुहेरी करून एक मीटर राहतो. याहून लांब घेतला तर दर टाक्याला हात छतापर्यंत जातो आणि दोरा मध्येच पिंजतो. गाठ बाहेर ठेवायची नाही. दोन थरांमधून सुई घालून हलका झटका दिला की गाठ आत जाऊन बसते.

टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत दोन बोटं अंतर. गोधडी मांडीवर घेऊ नका, जमिनीवरच राहू द्या. डाव्या हाताच्या चिमटीत चारही थर जरासे उचलायचे, सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा. ओढताना हात सैल हवा. मला हेच सगळ्यात जड गेलं, कारण रेक्झिनला दोरा करकचून आवळायची सवय. करकचून ओढली तर ओळ आक्रसते आणि गोधडी पापडासारखी वाकडी होते. खरं सांगायचं तर गोधडीवरची सुरकुती तशीही येणारच, पहिल्या धुण्यानंतर ती अंग धरते आणि मग खरी गोधडी दिसते.

सुरुवात कुठून करायची यावर माझं आणि गावाकडच्या वहिनींचं अजून जुळलेलं नाही. त्या कडेपासून धरतात. एका कोपऱ्यापासून निघून चौफेर फेरी पूर्ण करायची, मग तिच्या आत दोन बोटांवर दुसरी, असं करत मध्यावर यायचं. वर्कशॉपात आम्ही उलट शिकलो होतो, मधून बाहेर जायचं म्हणजे सैल कापड कडेला निघून जातं. एक गोधडी मी माझ्या पद्धतीने केली. चांगली झाली. पण वहिनींचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. कडेपासून शिवली की निम्मी राहिली तरी पांघरता येते. मधून धरलेली अर्धी गोधडी पांघरली, तर अंगठा कडेच्या कच्च्या टाक्यांत अडकून सगळं उसवतं. त्यामुळे सध्या मी कडेपासूनच धरतो. फक्त दर फेरीला सैलपणा तळहाताने आत लोटत राहतो आणि तिथला कच्चा टाका तेव्हाच काढतो, आधी नाही.

हिशेब आवडणाऱ्यांसाठी: या मापाच्या गोधडीत दोन बोटांच्या अंतराने सुमारे १४० मीटर धावदोरा पडतो. म्हणजे दीडशेच्या आसपास वेळा सुई ओवायची. माझा हात तासाला चारेक मीटर जातो. रोज दोन तास बसलो तर अडीच आठवडे. संध्याकाळच्या बातम्या लावून बसतो. बातम्यांकडे बघावं लागत नाही, ऐकलं तरी पुरतं.

गोधडीला जाण्याआधी

सगळंच कापड लगेच गोधडीत घालायची घाई करू नका. आई नेसायची ते लुगडं बसायच्या जागी आधी विरायचं, बाकी धडधाकट असायचं. मग ती विरलेला पट्टा आडवा फाडून काढायची आणि दोन तुकडे जोडून पुन्हा नेसायची. याला दंड घालणं म्हणतात. शिवण काष्ट्याच्या चुण्यांत जायची, कुणाला दिसायचीही नाही.

चादरीला तीच युक्ती उभी करायची. चादर मध्ये विरते, कडा नव्यासारख्या राहतात. मधोमध लांबीत फाडा, दोन्ही कडा मध्यावर आणून अर्धा इंच एकमेकींवर चढवून दोन शिलाया मारा आणि विरलेला भाग बाहेर गेला की त्याची कड दुमडून टाका. एकट्याच्या पलंगावर मधली शिवण पाठीला लागते. दोघांच्या पलंगावर ती बरोबर मध्ये येते, तिथे काही तक्रार नाही.

शर्टाची कॉलर घडीवर झिजली तर ब्लेडने पट्टीतून सोडवा, उलटी करा, मधोमधची खूण जुळवून त्याच भोकांतून शिवा. अर्ध्या तासाचं काम आहे. मोजे मी शिवत नाही. शिवलेला मोजा बुटात टोचतो आणि दिवसभर शिवणाऱ्याची आठवण येते.

धुणं

थंडी संपली की एकदा. मोठ्या टपात साध्या साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून पायाने तुडवा. पिळू नका, बादलीवर आडवी काठी ठेवून तीवर निथळत ठेवा आणि मग दोन तारांवर पसरून वाळवा. एप्रिलच्या उन्हात दिवसभरात खडखडीत होते. पावसाळ्यात धुवायचं नाव काढू नका.

माझी ती आठ थरांची पहिली गोधडी मी अजून टाकलेली नाही. गेल्या वर्षी तिचे चार तुकडे केले. एक वॉशिंग मशीनखाली, एक गच्चीवर पापड घालताना बसायला, एकावर सोसायटीचा कुत्रा झोपतो आणि चौथा तुकडा हिने परवा बोहारणीपुढे ठेवला होता. तिने उचलून बघितला, वजन केलं हातात, आणि परत दिला. शिवलेली गोधडी कापायची वेळ आली तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची एकेक शिलाई मारून घ्या आणि मगच मधून कात्री चालवा, नाहीतर दोऱ्याचं एक टोक सुटलं की सगळी ओळ हातात येते.