चढउताराच्या हाफ मॅरेथॉनसाठी उताराचाही सराव करावा

पाम बीच रस्त्यासारख्या सपाट मार्गावर २१.१ किलोमीटर सहज धावणारे अनेकजण डोंगराळ हाफ मॅरेथॉन ठरली की केवळ चढाचा सराव करतात. प्रत्यक्षात पायांची दैना होते ती उताराने. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरचा जिना उतरताना, जाणवतो. दिलासा एवढाच, की असा ताण एकदा सोसलेले स्नायू पुढचे काही आठवडे तो बऱ्यापैकी पेलतात. म्हणून ठाण्यात येऊरच्या किंवा बेलापुरात पारसिक टेकडीच्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा, आधी थोडा आणि मग वाढवत, उतार धावून घ्यावा आणि असा शेवटचा जोरकस सराव शर्यतीच्या किमान दहा दिवस आधी आटोपावा.

उतारावर लांब पाऊल टाकून टाच आपटू नये. पावले आखूड व भरभर पडावीत आणि गुडघा किंचित वाकलेला असावा. चढावर घड्याळातील वेगाकडे पाहूच नये. दोन-चार शब्द बोलता येतील इतपतच दम लागू द्यावा आणि खडा चढ सरळ चालत पार करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, तेव्हा उताराचा वेग आवरता घ्यावा. बुटांची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी, नाहीतर उतारावर बोटे पुढे सरकून नखे काळी पडतात.