टाके पडले, पण बोट बधिर आहे: हाताची नस तुटलीय का, हे कसं ओळखायचं

रबाळे-महापेच्या कारखान्यात पत्र्याची कड लागते, वागळे इस्टेटमध्ये काच हातातून निसटते, संक्रांतीच्या सुमारास मांजा बोटात शिरतो. मनगटाजवळ इंचभर जखम, जवळच्या दवाखान्यात चार टाके, आणि पंधरा दिवसांनी टाके काढताना कळतं की करंगळी बधिरच आहे. कातडी जुळली, आतली नस तुटलेलीच राहिली.

आपण रक्ताची शीर, स्नायूची दोरी म्हणजे टेंडन आणि मज्जातंतू या तिन्हींना नसच म्हणतो. इथेच घोळ होतो. डॉक्टरांना ‘नस कापली’ एवढंच सांगू नका. बोट बधिर आहे, की वाकत नाही, ते सांगा. इथे नस म्हणजे मज्जातंतू.

आधी रक्त थांबवा. स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबा, हात छातीच्या वर धरा, मध्येच उघडून बघू नका. हळद, कॉफी, चुना काही लावू नका, ते सगळं नंतर धुऊन काढावं लागतं. सुतळी किंवा रबर आवळू नका, अरुंद पट्ट्याखाली चांगली नसही चेंगरते. दाबूनही रक्त थांबत नसेल तर दाब न सोडता १०८ ला फोन करा.

आता खरी तपासणी. ती सुन्न करण्याचं इंजेक्शन देण्याआधीच व्हायला हवी, नंतर सगळंच बधिर असतं. हाताला मीडियन, अल्नर आणि रेडियल या तीन मुख्य नसा असतात. डोळे मिटायला सांगा आणि कापसाने हलकेच तीन जागी स्पर्श करा. तर्जनीचं टोक मीडियन नसेचं, करंगळीचं टोक अल्नरचं, हाताच्या पाठीवर अंगठा-तर्जनीमधलं बेचकं रेडियलचं. ‘कळतंय का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. ‘दोन्ही हातांना सारखंच लागतंय का?’ असं विचारा. मग हालचाल बघा. तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलता येणं हे मीडियनचं काम, बोटं फाकवणं अल्नरचं, मनगट आणि बोटं मागे उचलणं रेडियलचं. जोर लावायला सांगू नका, अर्धवट कापलेलं टेंडन तुटू शकतं.

काही दिवसांनी शंका आली तर आणखी एक खूण बघा. नस तुटलेल्या बोटाला घाम येत नाही. गुळगुळीत प्लास्टिकचं पेन त्या कोरड्या कातडीवरून सरसर सरकतं, शेजारच्या बोटावर किंचित अडतं. लहान मुलं नीट सांगू शकत नाहीत. जखम भरल्यावर त्यांचा हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. बधिर बोटाला सुरकुत्या पडत नाहीत.

धारदार वस्तूने कापलेली नस शक्यतो आठवड्याच्या आत जोडावी. उशीर झाला की टोकं मागे सरकतात, आणि मग पायाच्या पोटरीतली नस काढून मध्ये जोडावी लागते. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने होतं, त्यामुळे हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनच गाठा. इथे ईएमजीसाठी, म्हणजे नसा-स्नायूंच्या विजेच्या तपासणीसाठी, थांबू नका, त्यात पूर्ण बिघाड दिसायला दोन-तीन आठवडे जातात. मुका मार किंवा खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोपल्याने लटकलेलं मनगट, यांची गोष्ट वेगळी. तिथे नस बहुधा फक्त दबलेली असते. मनगटाला कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट किंचित मागे उचलून धरणारी पट्टी, लावा, तीन-चार आठवड्यांनी ईएमजी करा, आणि तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही तर सर्जनकडे जा.

जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत १५ सेंटिमीटर धरले तर पाच महिने, वर सुरुवातीचे काही आठवडे. प्रगती घरीच मोजता येते. बोटाकडून जखमेकडे नसेवर हलक्या टिचक्या मारत या. जिथे झिणझिण्या उठतात तिथे पेनाने खूण करा, जखमेपासूनचं अंतर तारखेसह लिहून ठेवा. महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर पुढे सरकायला हवं. दोन-तीन महिने खूण जागची हलली नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. साधारण वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू परत येत नाही.

तोवर बधिर बोट जपा. तवा, चहाचा ग्लास, बाइकचा सायलेन्सर यांचे चटके कळत नाहीत. पाणी दुसऱ्या हाताने तपासा. सर्जनने परवानगी दिली की सांधे रोज हलवा, आखडलेल्या बोटाला परतलेली नसही हलवू शकत नाही. बी-१२ च्या गोळ्यांनी तुटलेली नस जुळत नाही.

जखम नसतानाच करंगळी बधिर झाली असेल, तर कोपराच्या आतल्या हाडामागे चाचपून बघा. नस दोरीसारखी जाड लागली, किंवा अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. आणि जुलाब किंवा तापानंतर दोन्ही पायांतून वर चढणारी कमजोरी आली, तर ती जीबीएस, म्हणजे गिलां-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, असू शकते. श्वासाचे स्नायू लुळे पडण्याआधी, त्याच दिवशी, आयसीयू असलेल्या रुग्णालयात पोहोचा.