टोचणाऱ्या सुईपासून बोटं कशी वाचवावीत: अंगुस्तान आणि त्याची भावंडं

हाताने शिवणाऱ्या पुष्कळ जणांकडे एक अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी, असतं आणि ते डब्यात पडून असतं. माझंही दोन वर्षं पडून होतं. पितळेचं, सुबक खळग्यांचं, पण घातलं की बोट परक्याचं वाटायचं. मग ते काढून ठेवायचं, आणि संध्याकाळपर्यंत बोटाच्या कडेला नेढ्याने खड्डा पाडलेला असायचा. दोष अंगुस्तानाचा नव्हता. मी सुई बोटाच्या टोकाने नाही, कडेने ढकलते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यामुळे शोधाला सुरुवात दुकानातून नाही, स्वतःच्या हातापासून करायची.

पायरी १: दुखतं कुठे ते पाहा

नेहमीचं काम अर्धा तास उघड्या बोटांनी करा. जिथे टोचेल, घासेल, लाल होईल तिथे पेनाने ठिपका द्या. कोणत्या हाताचं कोणतं बोट, टोक की कड की पेर, हे नीट बघा. मग कारण शोधा. सुई ढकलताना नेढं रुततंय, की कापडाखालच्या हाताला टोक लागतंय? सुई ओढताना बोटं घसरतायत, की दोरा घासून कातडी सोलतेय? या चारही दुखण्यांना उपाय वेगळे आहेत. एकच टोपी सगळ्यांवर चालेल ही आशा सोडून द्या.

पायरी २: ढकलणाऱ्या बोटासाठी

हे बहुधा कामाच्या हाताचं मधलं बोट असतं. 'अंगुश्त' म्हणजे फारसीत बोट, त्यावरूनच अंगुस्तान. त्यावरचे खळगे शोभेचे नसतात. नेढ्याकडची बाजू त्यात अडकून राहावी, निसटून बोटात घुसू नये, म्हणून ते असतात. विकत घेताना सुईचं बोथट टोक त्यावर टेकवून थोडं तिरकं दाबून बघा. सुई सरकली तर ते अंगुस्तान फक्त शोकेसच्या लायकीचं.

टोकाने ढकलत असाल तर बंद टोपीचं घ्या. त्यातही माथ्याला उंच कड असलेलं मिळालं तर उत्तम, कारण गोधडीसारखे जाड थर शिवताना सुई कडेबाहेर जात नाही. कडेने ढकलत असाल तर वरून उघडं, शिंपी वापरतात तसं. त्यात बोटाचं टोक मोकळं राहतं, कापड चाचपता येतं, घामही कमी येतो. माझं भांडण याच प्रकाराने मिटवलं. नखं वाढवणाऱ्यांनाही हेच सोयीचं.

तिसरा प्रकार अंगठीसारखा. जपानी शिवणकामात तो मधल्या बोटाच्या पेरावर घालतात आणि आखूड सुईचं नेढं त्याला टेकवून धावदोरा घालतात. लांब सुईने एकदम अनेक टाके घेणाऱ्या साशिको भरतकामासाठी याच अंगठीला तळहाताकडे एक गोल चकती जोडलेली असते, म्हणजे जोर बोटाऐवजी तळव्यातून लागतो. जहाजांची शिडं शिवणारे तर अख्ख्या तळव्याला चामड्याचा पट्टा बांधून त्यात धातूची चकती बसवतात. जाड कॅनव्हास किंवा चामडं शिवणाऱ्याने हा शेवटचा प्रकार जरूर पाहावा. तिथे बोटावरच्या टोपीचं काम नाही.

धातू सर्वांत टिकाऊ, पण शुद्ध चांदी नको. ती मऊ असते. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर यांनी १८८४ मध्ये चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घालून 'डॉर्कास' नावाचं अंगुस्तान काढलं, ते चांदीला सुईने भोकं पडतात म्हणूनच. निकेलची ॲलर्जी असेल तर मुलामा दिलेलं टाळा. पितळेने बोट हिरवट होतं, पण ते धुतलं की जातं. धातू अजिबात सोसत नसेल त्यांना चामडं मानवतं: ते हळूहळू बोटाचा आकार घेतं. सिलिकॉन मऊ आणि आरामाचं वाटतं, पण बारीक सुईचं नेढं जोराने दाबलं तर त्यातून आरपार जाऊ शकतं. ढकलण्यासाठी घ्यायचंच असेल तर टोकाला धातूची चकती बसवलेलं घ्या.

पायरी ३: माप

कागदाची बारीक पट्टी नखाच्या मुळाशी बोटाभोवती गुंडाळा, जुळते तिथे खूण करा आणि लांबी मोजा. तिला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो: पट्टी ५३ मिलिमीटर भरली तर आतला व्यास साधारण १७ मिलिमीटर हवा. अंगठीच्या प्रकारासाठी ती जिथे बसणार त्या पेरावर मोजा. छापील नंबरांवर विसंबू नका, एका कंपनीचा ८ दुसरीच्या ८ शी जुळेलच असं नाही. उन्हाळ्यात बोटं फुगतात, थंडीत आकसतात, म्हणून नेहमी शिवणारे दोन मापं ठेवतात. घातल्यावर हात खाली करून झटका; पडता कामा नये. पण बोटाचं टोक पांढरं पडत असेल तर ते घट्ट आहे.

पायरी ४: खालचा हात

कापडाखाली सुईचं टोक झेलणाऱ्या बोटाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि रक्ताचा डाग मात्र त्याच बोटाचा पडतो. इथे पूर्ण टोपी घातली तर सुई आली की नाही तेच कळत नाही. बोटाच्या टोकाला चिकटवायची छोटी चामडी किंवा प्लॅस्टिकची टिकली पुरते. ती पुन्हा पुन्हा वापरता येते.

ओढणाऱ्या बोटांचा प्रश्न सगळ्यांत स्वस्तात सुटतो. कागद किंवा नोटा मोजायला वापरतात ती रबरी खडबडीत टोपी अंगठ्याला आणि तर्जनीला घाला. सुई घट्ट पकडली जाते. ती स्टेशनरीच्या कप्प्यात असते, शिवणकामाच्या नाही. औषधांच्या दुकानातली पातळ बोटमोजीही चालतात, फक्त लॅटेक्सने खाज येत असेल तर नायट्राइलची घ्या.

पायरी ५: सुईशिवायची कामं

मणी ओवताना, तार वळवताना, तासन्‌तास क्रोशे करताना तर्जनीवर घासून रेघ पडते. त्यावर स्वतःलाच चिकटणारी जाळीदार पट्टी दोन फेरे गुंडाळा. कातडीला चिकटत नाही, केस ओढत नाही, आणि बोट वाकतं.

लोकर टोचून बाहुल्या करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या सुईला काटे असतात, त्यामुळे जखम खोल जाते आणि सुई वाकडी गेली की तुटतेही. इथे तर्जनी आणि अंगठा दोन्हींना जाड चामड्याची टोपी हवीच. पण खरा बचाव फोमचा जाड तुकडा खाली ठेवण्यात आणि सुई ज्या दिशेने घातली त्याच दिशेने बाहेर काढण्यात आहे.

ग्लू गनसाठी सिलिकॉनच्या टोप्या घ्या. कमी तापमानाची गनही गोंद साधारण १२० अंश सेल्सियसपर्यंत तापवते, आणि गोंद कातडीला चिकटून भाजत राहतो. चटका बसलाच तर आधी वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं, गोंद ओढून काढू नका.

पात्यांसाठी काप-रोधक हातमोजे मिळतात आणि लोक तेच सुईसाठीही घेतात. ती चूक आहे. त्यांची वीण धार अडवते, सुईचं टोक मात्र विणीच्या फटीतून सहज आत जातं. हातमोज्यांच्या 'ईएन ३८८' या युरोपीय मानकात टोचण्याची जी चाचणी आहे तीही जाड खिळ्यासारख्या टोकाने केली जाते, बारीक सुईने नाही. लाकूड कोरताना अंगठ्याला चामड्याची टोपी घालावी. फिरत्या यंत्राजवळ, म्हणजे ड्रिल वगैरेजवळ, सैल हातमोजा अजिबात नको. तो गुंडाळला गेला तर हात ओढला जातो.

काहीच जमलं नाही तर

जुन्या चामडी पाकिटाचा मऊ तुकडा घ्या. बोटाचं पहिलं पेर मावेल असे दोन अर्धगोल, चारी बाजूंनी ५ मिलिमीटर जास्त ठेवून कापा. खालची बाजू सोडून कडेने जाड दोऱ्याचे जवळजवळ टाके घाला. शिवण बाहेरच राहू द्या, आत रुतते. ढकलायच्या जागी चामड्याचा आणखी एक तुकडा शिवा. खोलगट भोक पडायला लागलं की टोपी फेकून द्या, कारण सुई त्याच भोकात पुन्हा पुन्हा जाते.

नवं अंगुस्तान पहिले दोन दिवस खुपेल. शिवत नसतानाही ते घालून बसा, पुस्तक वाचताना किंवा फोनवर बोलताना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढायला विसरलात, की समजा माप बरोबर आहे.