कारखान्याच्या चार इमारतींत वायरलेस लाइट कंट्रोल: माल मागवण्याआधीची आखणी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एक कारखाना डोळ्यांसमोर धरू. यंत्रमागांच्या दोन शेड, प्रत्येकी ९६ फिटिंग (दिवे); सुताच्या गोदामात ६०, ऑफिसमध्ये ४८. एकूण ३००. म्हणून ३०० नोड (दिव्याला जोडलेले, वायरलेस हुकूम घेणारे छोटे कंट्रोलर) लागतील असं नाही. शेडमध्ये एकच दिवा वेगळा मंद करायची गरज सहसा पडत नाही. ८ फिटिंगच्या १२ रांगा असतील तर ४ फिटिंगना एक नोड पुरतो, म्हणजे शेडला २४. गोदामात प्रत्येक फिटिंगला वेगळा नोड घ्या, कारण तिथे माणूस असेल त्याच बोळात उजेड हवा. ऑफिसच्या १६ खोल्यांना १६. बेरीज १२४, जास्तीचे ७ धरून १३१ मागवा. घेण्याआधी त्या मॉडेलचं डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं) ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचं, प्रमाणपत्र पाहा.

शेडमध्ये गट पाडताना आधी खिडक्या आणि छतातले पारदर्शक पत्रे बघा. एका गटातल्या चारही फिटिंगवर दिवसाचा उजेड सारखा पडला पाहिजे. वायरिंग खिडकीला आडवं गेलं असेल तर एकाच गटात एक दिवा खिडकीपाशी आणि एक अंधारात येतो, मग उजेडानुसार मंद करण्यात काही अर्थ उरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो विजेच्या पुरवठ्यात. मेशमध्ये, म्हणजे नोडच्या आपसातल्या जाळ्यात, विजेवर चालणारा नोड शेजारच्या नोडचा निरोप पुढे पोचवतो. पाळी सुटल्यावर कुणी सवयीने डीबीवरून (वीजवाटपाच्या पेटीवरून) अर्धी शेड बंद केली, की ते नोड मरतात आणि त्यांच्या पलीकडचेही तुटतात. सकाळी दोष रेडिओला दिला जातो. म्हणून नोडला कायमचा फेज द्या, जुना स्विच मधून काढा आणि त्याच जागी बॅटरीवरचं वायरलेस बटण लावा. डीबीत त्या एमसीबीवर (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचवर) मराठीत ठळक लिहा: ‘बंद करू नये’. इमर्जन्सी आणि बाहेर पडण्याच्या मार्गाचे दिवे या कंट्रोलमध्ये घेऊच नका.

वीज गेली आणि परत आली, की सगळे ड्रायव्हर (एलईडी दिव्यांना वीज पुरवणारे भाग) एकदम करंट खेचतात. चालू लोड थोडा असूनही एमसीबी पडतो किंवा रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील तो आकडा ड्रायव्हरच्या डेटाशीटमध्ये असतो, तेवढेच जोडा. संपर्क तुटला तर दिवा पूर्ण उजेडावर राहील अशी सेटिंग ठेवा. चालत्या मागापाशी अचानक अंधार होता कामा नये. त्याच कारणाने कमी फ्रिक्वेन्सीच्या पीडब्ल्यूएमने (दिवा भराभर चालू-बंद करून) मंद होणारे ड्रायव्हर शेडमध्ये नकोत. त्यांच्या लुकलुकण्याने फिरता भाग थांबल्यासारखा दिसू शकतो.

सेन्सर निवडताना सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. माणसाची हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक ओळखतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तो फरक उरतच नाही. माणूस समोर असून दिवा लागत नाही. रेडिओ लहरींनी हालचाल ओळखणाऱ्या मायक्रोवेव्ह सेन्सरला उष्णतेची अडचण नाही, पण हलणारा मागही त्याला माणूसच वाटतो. म्हणून मागांच्या शेडमध्ये दोन्ही नकोत. तिथे वेळापत्रक आणि उजेडाचा सेन्सर पुरेत. गोदामात मायक्रोवेव्ह लावा आणि शेजारच्या बोळातलं माणूस पकडणार नाही इतकी संवेदनशीलता कमी करा. नोड पत्र्याला चिकटवू नका, खाली लटकवा. धातूच्या बंद डब्यात तर मुळीच नको, सिग्नल आतच अडकतो. सेन्सरच्या काचेवर सुताचे तंतू साठतात. दर महिन्याला पुसायचं काम कुणाचं, ते आत्ताच ठरवा.

सिग्नलची पाहणी माग चालू असताना आणि गोदाम भरलेलं असताना करा. रिकाम्या गोदामात घेतलेले आकडे माल भरल्यावर खोटे ठरतात. प्रत्येक नोडला किमान दोन शेजारी उणे ७५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगले ऐकू आले पाहिजेत. झिगबी (वायफायच्याच पट्ट्यात चालणारी मेशची एक पद्धत) असेल तर प्रत्येक इमारतीचं नेटवर्क आणि चॅनेल वेगळं ठेवा. वायफाय १, ६ आणि ११ वर असेल, तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनेल बहुतांशी मोकळे सापडतात. चौथ्या इमारतीला २६ घ्या, मात्र काही उपकरणं त्यावर कमी ताकदीने बोलतात, म्हणून तो लहान ऑफिसला द्या. प्रत्येक इमारतीत एक गेटवे, म्हणजे तिथल्या नोडना बाकी नेटवर्कशी जोडणारं उपकरण. इमारती एकमेकींना फायबरने जोडा. तांब्याच्या इथरनेट केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, शिवाय वळवाच्या विजांत तीच केबल एका इमारतीतला झटका दुसरीत नेते.

बसवताना प्रत्येक नोडचा क्यूआर स्टिकर दोन प्रतींत हवा: एक नोडवर, दुसरा नकाशावर त्याच जागी. नाव साधं ठेवा: शे१-र०४-२, म्हणजे शेड एक, चौथी रांग, दुसरा नोड. नोड एकदा वर चढला की नंतर शिडी लावून नंबर वाचण्यात दिवस जातात.

नेटवर्कची की (नवा नोड जोडायला लागणारा गुप्त कोड), पासवर्ड आणि सेटिंगचा बॅकअप मालकाच्या ताब्यात घ्या. हे सगळं फक्त ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये राहिलं तर पुढे एक नोड बदलायलाही सगळं पुन्हा जोडावं लागतं. शेवटचं बिल देण्याआधी कारखान्याच्या वायरमनला जास्तीच्या ७ मधला एक नोड स्वतः बसवून, जुन्याच नावाने जोडून दाखवायला सांगा.